उंच डब्यातलं पाणी

दुष्काळातल्या आंघोळींचा विषय निघालाय म्हणून सांगते. आम्ही तेव्हा बजाजनगरला होतो आणि टँकर आठ दिवसांनी यायचा. पाच वर्षांची मीना पातेल्यातलं पाणी बघून रडायची, “ताईला लई दिलंस.” मग मी तिच्यासमोरच तेच पाणी उंच, अरुंद डब्यात ओतायची. पाणी वर चढलं की ती खूश. थोरली हसायला लागली की मी दटावायची, “गप. तूही अशीच होतीस.”

दोन वर्षांनी परत टंचाई आली. मी डबा भरला, तर मीना म्हणाली, “आई, पाणी तेवढंच हाय. नुसतं उंच दिसतंय.”

“कुणी शिकवलं गं?”

“कुणी नाय. कळतंय की.”

मला फार कौतुक वाटलं. पण आता डब्यानं तिची समजूत पटेना; तिला खरंच जास्त द्यायचं, तर पाणी उरलं होतं फक्त माझ्या वाट्याचं. पोरीला समज आली आणि माझी आंघोळ गेली.