ढोलाच्या आतलं नाव

संग्रहालयाच्या कार्यालयाबाहेर, रांगेत माझ्यापुढे ढोल बनवणारे दोघे बहीणभाऊ उभे होते.

“ताई, काचेत बाबांचा ढोल, आणि पाटीवर काय? ‘कारागीर अज्ञात’!”

“हळू बोल.”

“का म्हणून हळू? ढोल देताना आपण नाव लिहून दिलं होतं!”

“तो कागद हरवलाय म्हणे. साहेब दुसरा पुरावा मागतात.”

“पुरावा ढोलातच आहे! कातडं चढवण्याआधी बाबा लाकडावर आतून नाव कोरायचे.”

“त्या ढोलाचं कातडं कोणी चढवलं होतं?”

“मीच. बाबांचे हात थरथरायला लागले होते तेव्हा.”

“मग उतरवायचंही तूच. हत्यारांची पिशवी आणलीय मी.”

“आणि साहेब?”

“त्यांना ढोलात डोकं घालून वाचायला लावते. मोठ्यानं. चल, आपला नंबर आला.”