आठ तांबे आणि एक कुंडी

निवृत्तीनंतर माणूस शहाणा होतो, असं तुम्हाला वाटत असेल, तर ऐका. मी बोन्सायसाठी कुंडी केली. पळसदेवहून धरणाच्या गाळाची माती आणली, बायकोच्या लाटण्यानं पाट्या लाटल्या आणि सांध्यांवर ओलं बोट फिरवून चार भिंती चिकटवल्या. भवानीनगरच्या तात्या कुंभारांनी ती भाजून दिली, पण हातात देताना म्हणाले, "भाऊसाहेब, सांध्याला खाचा पाडून चिखल भरायचा आस्तोय. पाणी पडलं की ही उकलंल."

"तीस वर्षं ऑफिसची पाकिटं चिकटवलीत मी," असं सांगून अकरा वर्षं जपलेला वड मी तिच्यात लावला.

पुढं वटपौर्णिमा आली. गावचा वड रस्तारुंदीत गेलेला, म्हणून हिनं माझाच अंगणात स्टुलावर मांडला. आठ बायका, आठ तांबे पाणी. तिसऱ्या तांब्याला कोपरा 'कट्' वाजला, पाचव्याला भिंत बोटभर सरकली.

"अहो थांबा, माझा वड चालला!" मी ओरडलो.

"फेरे अर्धवट सोडत नसतात," ही म्हणाली. "बायांनो, दोरा कुंडीवरनंच घ्या. चांगला ओढून!"

छप्पन्न फेऱ्यांनंतर कुंडी पार्सलासारखी घट्ट उभी होती.

संध्याकाळी तात्या आले. टिचकी मारून हिला म्हणाले, "वैनी, सांधं समदं सुटल्यात. नुसतं तुमच्या दोऱ्यावर उभं हाय. सैल सोडू नका."

ही माझ्याकडं बघत म्हणाली, "पस्तीस वर्षं तेच करतेय, तात्या."