साचा माझ्या ट्रंकेतला

पोलीस ठाणे, कतीफ, सौदी अरेबिया. दिनांक २४ जानेवारी १९९१, सकाळी साडेदहा.

नाव ताजुन्निसा फकरुद्दीन मुकादम. वय पासपोर्टावर ६६, खरं अल्लाला माहीत. धंदा घरकाम, पूर्वी जाळी विणणे. शिक्षण दुसरी. राहणार जयगड, जिल्हा रत्नागिरी. सध्या मुलगा सिराजुद्दीन याच्या घरी, भेटीच्या व्हिसावर. दुभाषी व लेखनिक : अरविंद, दवाखान्यातील कारकून.

समक्ष विचारल्यावरून मी सांगते की, मंगळवारी दुपारच्या नमाजीनंतर मी गच्चीवर स्टोव्ह पेटवून शिसं वितळवलं. शिसं सिराजुद्दीनच्या गॅरेजातलं. चाकाच्या रिमला ठोकलेले तुकडे जुने झाले की कचऱ्यात जातात. ते मी मागवले. त्याच्या पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, शिशाचे मणी लावायचे होते. लढाईपायी दुकानं बंद. डब्यातली मासळी मी खाणार नाही, त्यापेक्षा उपास बरा.

शिशात मेणाचा तुकडा टाकला की मळ वर येतो, तो काढते. साचा आधी शेकते, गार साच्यात मणी अर्धवट पडतो. पाण्याचा थेंब जवळ येऊ देत नाही. धूर बघून शिपाई वर आले. कढई, चाळीस मणी आणि साचा घेऊन गेले. मुलालाही नेलं. मला कोणी काही विचारलं नाही.

साच्याबद्दल सांगते की, तो दगडी, दोन फाळक्यांचा आहे. चार खाचा मण्यांच्या, दोन बंदुकीच्या गोळीच्या. माझा बाप मासे मारी आणि शेतात शिरणारी डुकरंही मारी. बंदूक परवान्याची होती. एकाच दगडात दोन्ही कामं.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे बाई, गोळ्या ओतता येतात तुम्हाला?"

मी म्हटलं, "येतात. तुमच्या शिपायांपेक्षा बऱ्या येतील."

अरविंद म्हणाला, "आजी, हे लिहीत नाही मी."

"लिही. तुझ्या बापाचं काय जातं?"

गोळीच्या खाचा बघाव्यात. त्यात बापाच्या वेळची काजळी तशीच आहे. मण्यांना आरपार भोक आहे. भोकाची गोळी कुठल्या बंदुकीत घालतात, ते साहेबांनी मला दाखवावं.

सिराजुद्दीनने साचा आपला म्हणून कबूल केलं, असं साहेब सांगतात. ते खोटं आहे. खोटं बोलताना तो कान खाजवतो, साहेबांनी बघितलं असेल. साचा मी जुलैत साड्यांत गुंडाळून आणला. त्याला मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हता.

मला कोठडीत ठेवा नाहीतर विमानात बसवा. त्याला आज सोडा. सून तस्नीमचे दिवस भरत आलेत. हल्ल्याचा भोंगा वाजला की विषारी वायू आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावावा लागतो, तिला वाकता येत नाही.

अरविंदने हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा त्यात 'मुलाचा साचा' आणि 'माफी असावी' असं होतं. दोन्ही मी खोडायला लावलं. आता आहे ते माझं आहे आणि बरोबर आहे. शाईची डबी मागे घ्यावी. मला सही येते.

ताजुन्निसा