अर्धी गोष्ट कुणाला सांगायची?

सरका मंडळी, पुढं सरका! खांबाला टेकलेत त्यांनी टेकलेलंच राहावं, फक्त डोळे उघडे ठेवावेत. घोरण्याला आमच्याकडं टाळकरी साथ देत नाहीत!

आज एकच प्रश्न आणलाय. साधा. घरात साप निघाला तर माणूस काय करतो? ओरडतो! आळी गोळा होते, काठ्या निघतात. साप ही पूर्ण गोष्ट आहे. पण कोपऱ्यात नुसतं सळसळल्यासारखं वाटलं... नक्की नाही... उंदीरही असेल, भासही असेल... ही झाली अर्धी गोष्ट! ही कुणाला सांगता? तहसीलदाराला? टेबलापुढं उभं राहून कुणी म्हणतं का, 'साहेब, मला जरा सळसळल्यासारखं वाटलं'?

नाही ना? मग ती अर्धी गोष्ट जाते कुठं?

ऐका.

हिवरमाळ नावाचं गाव. नकाशात शोधू नका, आख्यानातली गावं नकाशात नसतात. त्या गावात हायस्कूल. पटांगणात लिंबाचं झाड, आणि मधल्या सुट्टीत झाडाखाली शिक्षकांची अंगतपंगत! डबा ज्याचा त्याचा, हात सगळ्यांचा सगळ्यांत. मराठीच्या कुलथे बाईंची जवसाची चटणी. गणिताच्या शेख सरांची खिचडी. आणि खेळाचे आघाव सर— ते डबा रोज विसरायचे, आणि जेवायचे सगळ्यांपेक्षा जास्त!

या शाळेवर नवे मुख्याध्यापक आले. विश्वंभर घुले. पहिल्याच दिवशी कुलथे बाईंनी हाक मारली, "सर, या ना! ठेचा आणलाय." 

सरांच्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगतो, सुटलं! एकटा माणूस, बदलीच्या गावी खोली करून राहिलेला, सकाळी हातानं थापलेली जाड भाकरी डब्यात. पाऊलसुद्धा उचललं त्यांनी. आणि मागं घेतलं.

का? कारण आधीच्या शाळेत ते सगळ्यांत मिसळले होते. हसले, बसले, खांद्यावर हात टाकले. आणि तिथले लोक त्यांच्या डोक्यावर बसले. काम सांगितलं की म्हणायचे, "सोडा हो घुले, तुम्ही आपलेच!" ते 'आपलेच' त्यांच्या कानात काट्यासारखं रुतलं होतं. घुले सर मनाशी म्हणाले, नाही. पुन्हा आपलं व्हायचं नाही.

"चालू द्या तुमचं," म्हणाले, आणि केबिनमध्ये जाऊन पाठमोरे बसून जेवले.

बाहेर हशा व्हायचा. आत घास अडकायचा. माझ्यावरच हसतात का? मला कळू नये असं काय बोलतात? मंडळी, बंद खोलीत ऐकू आलेला हशा कायम आपल्यावरच असतो! नाही का?

मग सूचना निघाली. सगळ्यांना उभं करून वाचली.

"उद्यापासून प्रत्येकानं आपापल्या वर्गात, मुलांसोबत जेवायचं. मुलांकडं लक्ष राहील. कुठल्याही मुलाबद्दल काही असेल तर थेट मला सांगायचं. आपसात कुजबुज नको. माझं दार कायम उघडं आहे."

"हो सर," सगळे म्हणाले.

आता सांगा, हुकूम वाईट होता? मुलांसोबत जेवा म्हणाले— चूक? दार उघडं ठेवलं— चूक? वाईट माणसाचं आख्यान सोपं असतं हो! रावण आला की मृदंगावरची थाप आपोआप जड पडते. पण हा माणूस सगळ्यांच्या आधी शाळेत यायचा. नळ गळत असला तर स्वतः पाना घेऊन बसायचा. याला कुठला ताल लावणार? मृदंगबुवा, हात खाली ठेवा. याला ताल नाही.

लिंबाखाली शांतता झाली. घुले सरांनी खिडकीतून बघितलं आणि त्यांना बरं वाटलं. शिस्त लागली, म्हणाले.

शिस्त!

नववीत एक मुलगी होती. मोनिका. हसू नका, आता रुक्मिणी आणि सत्यभामा फक्त कीर्तनात उरल्यात, हजेरीत मोनिकाच असतात. खो-खोत अशी धावायची की खांबाला वळसा घातलेला दिसायचाच नाही. बापाचं नाव लिंबाजी. गरीब माणूस, बायकोच्या भावापुढं मान खाली घालणारा.

दिवाळी जवळ आली. एके दिवशी मोनिकानं कुलथे बाईंना विचारलं, "बाई, शाळा सुटली तर बाहेरून दहावीला बसता येतं का?" बाई म्हणाल्या, "येतं की. का गं?" "असंच." बाईंच्या मनात काहीतरी हललं. पण काय सांगायचं? एक प्रश्न विचारला पोरीनं, इतकंच ना?

शेख सरांच्या भावाचं बाजारात कापडाचं दुकान. तिथं त्यांनी लिंबाजी आणि त्याच्या मेहुण्याला लग्नाचा बस्ता बांधताना बघितलं. शालू, टोपी, उपरणं. सर मनाशी म्हणाले, थोरल्या मुलीचं जमलं वाटतं, बरं झालं.

आघाव सरांना मोनिका म्हणाली, "सर, मी आता खेळणार न्हाई. आई म्हणते, पळापळी बास." सरांनी खांदे उडवले. आणि एक गोष्ट आघाव सरांना ठाऊक होती. थोरलीचं लग्न मागच्या वर्षीच झालं होतं. ते स्वतः जेवून आले होते, दोनदा वाढून घेऊन!

कळलं का मंडळी? एकाला बस्ता ठाऊक. दुसऱ्याला ठाऊक की घरात लग्नाची दुसरी कुणी उरलेलीच नाही. तिसरीच्या कानात पोरीचा प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? इथं सगळ्या मुठी झाकलेल्या!

थेंब थेंब हातोहाती ।
हात हाताला न लागती ।
रांजण कोरडे राहती ।
भर पाणवठ्यावर ॥

थांबा. इथं मी आख्यान मोडतो. आता पुढचं खोटं सांगणार आहे. सांगून सवरून खोटं! ऐका.

खोटं आख्यान असं. लिंबाखाली सतरंजी आहे. डबे उघडलेत.

"शेख सर, आज गप्प का? भाभींनी खिचडीत मीठ नाही घातलं?"

"मीठ आहे बाई. काल लिंबाजी दिसला दुकानात, बस्ता बांधत होता. थोरलीचं जमलं वाटतं."

"थोरलीचं?" आघाव सरांचा घास हवेत. "अहो, थोरलीचं लग्न मी जेवलोय!"

"तुम्ही न जेवलेलं लग्न आहे का एखादं?"

"चेष्टा सोडा बाई. थोरलीचं झालंय. मग हा बस्ता कुणाचा?"

पोळीचा तुकडा बाईंच्या हातातच राहतो.

"अगंबाई... ती मला विचारत होती. बाहेरून दहावीला बसता येतं का, म्हणून."

"आणि मला म्हणाली, खेळणार नाही."

आघाव सर हात झटकतात. "उठा. चहाला जायचं."

या शाळेत 'चहाला जाणं' म्हणजे काय, ठाऊक आहे? सगळे मास्तर मिळून पोरीच्या बापाच्या ओसरीवर जाऊन बसायचे. धमकी नाही, कायदा नाही. चहा प्यायचा. पुन्हा चहा प्यायचा. 'राहू द्या पोरीला शाळेत' असं बाप म्हणेपर्यंत उठायचं नाही! घरातली साखर संपायची, शेजारून आणायला लागायची, पण हे हलत नसत. आणि या खोट्या आख्यानात सगळ्यांच्या पुढं कोण चाललंय? घुले सर! लिंबाजी हात जोडतो, मेहुणा पाय आपटत निघून जातो, आणि मोनिका दुसऱ्या दिवशी खो-खोच्या मैदानात—

टाळ्या थांबवा.

थांबवा म्हणतो ना! हे घडलं नाही. यातलं काही घडलं नाही. सतरंजी गुंडाळून कपाटामागं ठेवलेली होती. तीन वर्गांत तिघं बसले होते, आणि दार उघडं असलेल्या केबिनमध्ये चौथा.

खरं आख्यान लहान आहे.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. घुले सर तालुक्याहून मोटारसायकलवर परतत होते. सभेला गेले होते. विषय काय, तर मुलींची शाळेतली उपस्थिती! वाटेत एका वस्तीवर मांडव. कर्ण्यावर भटजींचं 'सावधान' चाललेलं. आणि मग कुणीतरी कर्ण्यावरूनच वधूचं नाव घेतलं. मोनिका लिंबाजी.

सरांनी गाडी थांबवली. स्टँडला लावायचंही सुचलं नाही, गाडी आडवी झाली.

मांडवात शिरले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. माणसं पंगतीकडं वळली होती. ग्रामसेवक जिलबी मोडत होते. असली लग्नं रोखायचं काम कायद्यानं त्यांचंच! ते म्हणाले, "या सर, बसा, गरम आहे."

समोर पाटावर ती. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत. तिनं सरांना बघितलं. आणि मंडळी, ती पोरगी उभी राहिली! नवरी पाटावरून उठून उभी राहिली. वर्गात सर आले की उभं राहायचं असतं ना?

"नमस्ते, सर."

बायका म्हणाल्या, "खाली बस गं, नवरीनं उठायचं नसतं." सरांनी 'बस' म्हटल्याशिवाय ती बसेना. आणि सरांच्या तोंडातून शब्द फुटेना. एकच शब्द, 'बस'. रोज वर्गात सहज म्हणायचा. तो म्हणावा, तर लग्नाला हो म्हटल्यासारखं. न म्हणावा, तर पोरगी उभी.

शेवटी तिच्या मामानं खांदा दाबून तिला खाली बसवलं.

सर लिंबाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बेकायदा आहे. मी तक्रार करणार."

लिंबाजीनं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "करा सर. आता करा. पर आधी का न्हाई आलात?"

"मला माहीत नव्हतं."

"तुमच्या मास्तरच्या भावाच्या दुकानात बस्ता बांधला. मुद्दाम तिथंच गेलो. मेव्हणा म्हणत हुता दुसरीकडं जाऊ. म्या म्हणलं, न्हाई, तिथंच." त्याचा आवाज खाली गेला. "माझ्या चुलतभावाच्या पोरीच्या टायमाला समदी शाळा चहाला आली हुती. त्यानं लगीन मोडलं, आन् भावकीला सांगितलं, मास्तर लोक उठंनात, काय करू? त्याची लाज राहिली. मलाबी तसं म्हणायचं हुतं, सर. मेव्हण्यापुढं माझं एकट्याचं तोंड उघडत न्हाई. म्या साखर आणून ठिवली हुती. वाट बघितली."

घुले सर न जेवता निघाले.

तक्रार केली का? केली! चौकशीही आली. तोवर पोरगी नवऱ्यासोबत परमुलखात, ऊसतोडीच्या फडावर. जीप आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. ज्याची त्याची मूठ उघडली. बस्ता, थोरली, प्रश्न. टेबलावर गोष्ट पूर्ण झाली. पूर्ण झाली, आणि काही उपयोगाची राहिली नाही.

"मला का सांगितलं नाही?" घुले सर ओरडले नाहीत, विनवल्यासारखं म्हणाले. "दार उघडं होतं ना?"

कुलथे बाई म्हणाल्या, "दार उघडं होतं सर. पण आत यायला काहीतरी नक्की लागतं. माझ्याकडं नक्की काहीच नव्हतं. एरवी मी ते डब्यापाशी बोलले असते."

घुले सरांनी विचारलं, "उद्यापासून पुन्हा एकत्र बसू या?"

"हो सर."

बसले. सतरंजी झटकून टाकली. घुले सरांनी स्वतः सगळ्यांना आपल्या डब्यातलं वाढलं. आघाव सर त्या दिवशी डबा घेऊन आले होते. विसरले नव्हते! सगळ्यांनी मान खाली घालून जेवण केलं. कुणी ठेच्याला नावं ठेवली नाहीत, कुणी कुणाची टिंगल केली नाही. जेवण झाल्यावर हात धुऊन जो तो आपापल्या वर्गात गेला. हुकमानं मोडलं ते हुकमानं सांधत नाही हो. घुले सर तिथंच बसून राहिले, रिकामा डबा मांडीवर घेऊन. घंटा झाली तरी उठले नाहीत.

अजून बसतात म्हणे रोज. वाट बघतात, कुणीतरी आपल्यादेखत थट्टा करील म्हणून.

झालं. आख्यान संपलं. आता तुम्ही म्हणाल, महाराज, मास्तर लोकांचं काही खरं नाही! हो ना? मान डोलावताय! मागं ते काका तर फारच डोलावतायत.

मास्तरांचं राहू द्या. या मांडवाखाली कोण कोण बसलंय बघू. तो मांडववाला— हो, तूच. पुढच्या मुहूर्ताला तुझे बांबू कुणाच्या दारात जाणार, ते तुला ठाऊक आहे. अंगणवाडीच्या ताई, कुठल्या घरातली पोरगी अलीकडं पाण्यालाही बाहेर येत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेचे हेडमास्तर पहिल्या रांगेत बसलेत, नमस्कार सर, पोरीचं वय तुम्हाला ठाऊक आहे. आणि आमचे भटजीबुवा. तारीख तुम्हीच काढून दिलीत.

सगळे एका सतरंजीवर बसलात. मांडीला मांडी लागलीय. आणि एकमेकांकडं बघत नाही तुम्ही!

आज गजर होणार नाही. टाळ खाली. मृदंगावर कापड टाका. प्रसाद वाटू नका अजून. मी इथं उभा आहे, माझी घाई नाही.

भटजीबुवा, जमिनीकडं बघू नका. कुणाच्या घरची तारीख आहे? सुरुवात तुम्ही करा.