फुंकर घालून जेवणारा गाओ

श्रोतेहो, मनुष्य परमेश्वरापाशी नाना गोष्टी मागतो. कोणी संतती मागतो, कोणी आरोग्य मागतो, कोणी कीर्ती मागतो. परंतु या सर्व मागण्यांची साल सोलून पाहिली, तर आत एकच गर निघतो: देवा, माझे भय घालव. हे मागणे अयोग्य आहे असे कोणी म्हणावे? शास्त्रकारांनीही दैवी गुणांच्या पंगतीत अभयाला पहिले पान वाढले आहे. मात्र येथे एक प्रश्न उद्भवतो. समजा, कोणी ते भय खरोखरीच घालवून दाखवले. जप नाही, तप नाही, चिमूटभर चूर्ण आणि घोटभर पाणी! तर त्या मनुष्याला उपकारकर्ता म्हणावे, की अपराधी म्हणावे?

विचारात पडलात? पडा! उत्तराची घाई नाही. आख्यान फार लांबचे आहे — चीन देशीचे! तबलजी, असे पाहू नका. भगवंताच्या राज्याची हद्द आपल्या वेशीपाशी संपत नाही!

तर मंडळी, ऐका. प्राचीन काळी चीन देशाच्या उत्तर सीमेवर एक गढी होती. पलीकडे उघडे माळ, आणि थंडी अशी, की तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानी जाईपर्यंत गोठावा! त्या गढीत पेइ नावाचा वैद्य राहत होता. सज्जन, अभ्यासू, आणि एका व्रताचा पक्का. रोग्याला जे औषध द्यायचे, ते आधी स्वतः घ्यायचे! (आपल्याकडे हे व्रत सुरू केले, तर निम्मे दवाखाने उद्याच बंद पडतील. असो!) सकाळी औषधाची मात्रा तोंडात टाकायची, झोळी खांद्याला लावायची, आणि गावोगाव पायी फिरून रोगी पाहायचे. गोरगरिबांच्या घरी पुन्हा चूल कोण पेटवणार? जी गार भात-भाजी पुढे येईल, ती आनंदाने खायची.

हे चालणे आणि हे गार जेवण ध्यानात ठेवा बरे! पेइ वैद्याने ते ध्यानात ठेवले नाही. तेथेच सगळे आख्यान आहे.

वैद्याच्या पत्नीचे नाव लान. सैन्याचा भटारखाना तिच्या हाती. आणि लानचा धाकटा भाऊ गाओ, म्हणजे वैद्यबुवांचा मेहुणा! मेहुणा म्हटल्याबरोबर पुरुष मंडळी गालात हसली, मी पाहिले. हा गाओ गढीचा पहारेकरी होता. नोकरी पहाऱ्याची, आणि स्वभाव? विजेला भ्यायचा, विहिरीला भ्यायचा, बदकाला भ्यायचा! बदक अंगावर आले, की भाला टाकून भिंतीवर चढायचा. आणि सर्वांहून अधिक भ्यायचा कशाला? गरम पेजेला! लहानपणी उकळत्या पेजेने जीभ पोळली होती. तेव्हापासून वाडगे पुढे आले, की प्रश्न ठरलेला —

"अक्का, गरम आहे का गं?"

(चिनी भाषेत थोरल्या बहिणीला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. माया तीच, म्हणून आपण अक्का म्हणू.)

"नाही रे बाबा, केव्हाची निवली आहे!"

"तरी एक फुंकर घाल."

आणि लान फुंकर घालायची! सैनिक भोवती उभे राहून टाळ्या पिटायचे: "अहो गाओजी, शत्रू आला तर त्यालाही अक्का फुंकर घालणार का?" गाओ स्वतःही हसायचा. आईवेगळे पोर, मंडळी, लाननेच वाढवलेले. लग्नात तिने नवऱ्यापाशी दागिना मागितला नाही. एवढेच म्हणाली, "माझ्या भावाला सांभाळा." वैद्य म्हणाला, "सांभाळीन."

आता झाले असे, की पेइने एक चूर्ण सिद्ध केले. पाच प्रकारचे दगड भाजून, खलून, वस्त्रगाळ करून. थंडीतापाने गार पडलेल्या रोग्यांसाठी, हो! एका म्हाताऱ्याला दिले. तो दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला. चूर्ण घेतले आणि उठून अंगणात नाचू लागला! सून ओरडली, "मामंजी, पडाल!" म्हातारा म्हणतो, "पडलो तर पडलो, तूही ये!"

ही वार्ता गढीचा सेनापती मेंग याच्या कानी गेली. तेव्हा माळावरून घोडेस्वार शत्रू चालून येत होता. गढीत माणसे थोडी, आणि तीही घाबरलेली. मेंगने वैद्याला बोलावले.

"वैद्यराज, ते नाचरे चूर्ण माझ्या सैन्याला हवे."

"सेनापती, ते रोग्यांसाठी आहे. धडधाकट माणसाचा अनुभव मला नाही."

"तुम्ही स्वतः घेता ना? मग तुम्ही धडधाकट नाही?"

"आहे."

"तुम्हाला काय झाले?"

वैद्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "काही नाही. हलके वाटले, हसू आले. दिवस बरा गेला."

"मग माझ्या सैन्याचाही दिवस बरा जाऊ द्या!"

मंडळी, यात वैद्य खोटे बोलला का? अक्षरही नाही! तरीही सत्य अपुरे राहिले. कारण औषधाचा अर्धा भाग खलात होता, आणि अर्धा भाग त्याच्या पायांत होता! चालण्याने अंगातला दाह उतरत होता, गार अन्नाने शमत होता. स्वतःच्या रोजच्या सवयीला औषधाचा भाग कोण समजतो हो? तुम्ही समजता?

पहाटे चूर्ण वाटले. लानने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारले, "गाओलाही देणार?" वैद्य म्हणाला, "त्यालाच तर सर्वांत गरज आहे." तिलाही ते पटले. कोणत्या बहिणीला पटणार नाही?

आणि मग, पेटी जरा चढवा — मग काय वर्णावे! गढीचे दार उघडले, आणि आतून सैन्य आले ते हसत! खो खो हसत! कोणी उपाशीपोटी, कोणी शिरस्त्राण उलटे घातलेले, एकाने घाईत ढालीऐवजी घमेले उचललेले! समोर घोडेस्वारांची रांग. शत्रूने रडणारे सैन्य पाहिले होते, ओरडणारे पाहिले होते. हसणारे? त्यांचा नायक म्हणाला, "अरे, यांना आपल्याविषयी असे काय ठाऊक आहे, जे आपल्याला ठाऊक नाही?" घोडे बुजले! आणि सर्वांच्या पुढे कोण? गाओ! बदकाला भिणारा गाओ! बर्फातून धावत गेला, शत्रूच्या निशाणवाल्याला गुदगुल्या केल्या (होय, गुदगुल्या!) आणि निशाण घेऊन परत! शत्रू पळाला, माळ मोकळा झाला. बोला, भगवंताचा जयजयकार असो!

थांबा. जयजयकार केलात, चांगले केले. त्या गढीनेही केला.

दुपारी विजयाची पंगत बसली. त्या गढीचा दंडक असा, की विजयाच्या पंगतीला अंगावरचे चिलखत उतरवायचे नाही. जिंकलेल्या वेषात जेवायचे. दारे लावलेली, चारी कोपऱ्यांत शेगड्या, आणि लानने आनंदाने शिजवलेले वाफाळते मांस आणि उकळता रस्सा. वैद्याला सेनापतीने शेजारी मानाने बसवले, अंगावर लोकरी झगा घातला. "आज गावोगाव हिंडायचे नाही, वैद्यराज. आज बसायचे!"

लान वाढत वाढत भावापाशी आली. वाडगे पुढे केले, आणि सवयीने ओठांचा चंबू केला — फू —

गाओने तिचा हात धरला. "राहू दे, अक्का. आज मी कशालाच भीत नाही!"

आणि उकळता रस्सा एका दमात घशाखाली! सभा उसळली! ज्यांनी त्याला चिडवले, त्यांनी त्याला डोक्यावर घेतले. "आणखी!" गाओ म्हणाला. आणि लानने, डोळ्यांत आनंदाश्रू आणून, आपल्या हाताने आणखी वाढले.

श्रोतेहो, इतका वेळ मी तुम्हाला हसवले. आता हात जोडून विनवतो, क्षणभर स्तब्ध बसा.

मानाच्या आसनावर वैद्याच्या अंगाची आग होऊ लागली. तो मनाशी म्हणाला, चूर्ण तेच, मात्रा तीच. आज वेगळे काय? आणि लख्ख उमगले: आज मी चाललो नाही! आज मी गरम जेवलो! त्याने समोर पाहिले. रांगेच्या रांगा. चिलखतात, शेगड्यांपाशी, लालबुंद चेहरे. तो उठून ओरडला, "दारे उघडा! चिलखते उतरवा! अरे, आतून भाजून निघाल, मराल!"

आणि सैन्य हसले!

"मरू? मरू की, वैद्यराज! त्यात काय?"

मेंग सेनापती तर सर्वांत मोठ्याने हसला, आणि हसता हसताच ताटावर कोसळला. त्याच्याकडे बोट दाखवून शेजारचे हसत राहिले. पाहिलेत, मंडळी? ज्याचे भय गेले, त्याला सावध कसे करणार? वणवा लागला असे सांगावे, तर तो म्हणतो, वा, काय प्रकाश!

भय हें दारी बसलें श्वान ।
भुंकुनि राखी घराचे प्राण ।
श्वाना विष घालुनि जो निजतो ।
चोरां देतो तो आमंत्रण ॥

वैद्याची विद्या संपली. तो मटकन बसला. परंतु लान उभी होती. पोर वाढवलेली बाई, मंडळी! भीती दाखवून जे मूल ऐकत नाही, ते खेळाने ऐकते, हे तिला ठाऊक. तिने पळी उचलली आणि पातेल्यावर ताल धरला. धण्-धण्-धणाधण्!

"काय रे, जिंकलात ना? मग नाचत का नाही? की चिलखताचे ओझे झाले? फेका ते! बर्फात नाचेल तो खरा वीर! गाओ, तू पुढे हो!"

अहो, वेडे हसू नाचाला कधी नाही म्हणते का? चिलखते खणाखण पडली, दारे उघडली, आणि निम्मे सैन्य उघड्या अंगाने बर्फात नाचू लागले! वैद्य उठला, तोही नाचला, सर्वांना नाचवत राहिला. लान ताल देत होती, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कारण निम्मे आतच राहिले होते. ज्यांना उठवता आले नाही, ते तेथेच, ताटांवर, हसऱ्या तोंडांनी निवले.

गाओ सर्वांत अधिक नाचला, आणि पडला. लानने त्याचे डोके मांडीवर घेतले. अंग तापलेले, ओठ फुटलेले. ती बर्फ घेऊन कपाळ पुसत राहिली. ऊन उतरू लागले, तसे चूर्णाचे हसू एकेकाच्या तोंडावरून उतरले, आणि अंगणात प्रथमच कोणी सैनिक रडला.

लानने गार पेजेचे वाडगे भावाच्या ओठांशी नेले. त्याने डोळे उघडले. वाडग्याकडे पाहिले. आणि तोंड हळूच मागे घेतले.

"अक्का... गरम आहे का गं?"

मंडळी, ती बहीण अशी रडली, की सारी गढी तिच्याकडे पाहू लागली. भय परत आले होते! माणूस परत आला होता! ती म्हणाली, "नाही रे राजा, गारच आहे." आणि गार पेजेवर तिने फुंकर घातली.

पुढे राजधानीतून दूत आला. विजय तेथवर पोचला होता, पंगत पोचली नव्हती. "ते हसरे औषध द्या." वैद्य म्हणाला, "कृती विसरलो." हे मात्र असत्य! पण मला वाटते, चित्रगुप्ताने त्या वेळी लेखणी उचललीच नसावी. त्यानंतर वैद्य मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पायी गेला, दारात बसला, आणि घडले ते सांगितले. काही घरांनी पाणी दिले, काहींनी दार लावले. दोन्ही त्याने स्वीकारले.

आता प्रश्नाकडे वळू. वैद्य उपकारकर्ता की अपराधी, ते त्या घरांनी आपापले ठरवले; मी एवढेच सांगतो. शास्त्राने ज्याला अभय म्हटले, ते हे नव्हे. भय मारून उरते, ती बधिरता. भय असताना कोणी शेजारी बसते, त्याला अभय म्हणतात. तुमच्या घरी परीक्षेच्या भीतीने पोट धरून बसलेला मुलगा असेल, शस्त्रक्रियेच्या नावाने हात थंड पडणारे वडील असतील. "त्यात घाबरायचे काय!" असे म्हणून आपण मोकळे होतो. होतो की नाही? आणि स्वतःच्या मनात कुत्रे भुंकू लागले, की आपणही काही ना काही घेऊन, काही ना काही पाहून त्याला निजवतो! आज घरी गेलात, की त्याला निजवू नका. एकदा उठून दार पाहा. आणि भ्यालेल्या माणसाला उपदेश करू नका. वाडगे गार असले, तरी एक फुंकर घाला.

हसत निवलेल्या त्या सैनिकांना शांती लाभो. पळालेल्या घोडेस्वारांना त्यांची घरे सापडलेली असोत. पायी हिंडणाऱ्या त्या वैद्याला कोठेतरी विसावा मिळो. लानच्या हाताला ताल राहो. आणि गाओचे भय त्याच्यापाशी सुखाने नांदो.