भिलाभाऊचा मेन स्विच

आमच्या भिलाभाऊला घाई फार. गोडादऱ्यात त्याचं साड्यांवर भरतकामाचं मशीन आहे. संध्याकाळी डिझाईनचा कॉम्प्युटर बंद होत असतानाच हा मेन स्विच पाडायचा. रोज सकाळी कॉम्प्युटरची तक्रार, काल मला नीट बंद केलं नाही. परवा तर पोरीच्या लग्नाच्या साडीचं डिझाईनच उघडेना.

दुरुस्तीवाल्यानं खटपट करून ते वाचवलं. म्हणाला, "काका, बंद होताना तो सगळं जागेवर ठेवत असतो. तेवढं थांबत जा."

मी म्हणालो, "हा कुठला थांबतो? आमच्याकडून निघताना वहिनी उंबऱ्यात बोलत असते, तेव्हा हा गाडीला किक मारत असतो."

"निघताना एवढं काय बोलायचं असतं?" भिला म्हणाला.

धागे कापत बसलेली वहिनी म्हणाली, "यांना सांगा भाऊ, पोरीचं स्थळ मला तुमच्या उंबऱ्यातच कळलं."