धाकट्या भावाच्या खात्यावरून आभार मानल्याबाबत

मी, खाली सही करणार, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, रुग्णालयाचा स्वागतकक्ष, राहणार औषधाच्या दुकानावर दुसरा मजला, भावासह. भाऊ सध्या घरी नाही. बोलावल्यावरून ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझा धाकटा भाऊ संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. दवाखाने, बँका, कचेऱ्या यांत टोकन नंबर पुकारणारा जो फलक असतो, त्यामागचा प्रोग्रॅम त्याचा आहे. तो इंटरनेटवर भावाच्या खात्यावर ठेवलेला असून सर्वांना खुला व फुकट आहे. या ठाण्यातला फलकही त्यावरच चालतो. आज माझा नंबर त्यानेच पुकारला. त्यात कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. ती घ्यायची की नाही, हे भाऊ ठरवतो. कोणाचीही दुरुस्ती तो पहिल्यांदा परत पाठवतो व खाली "पुन्हा वाच" एवढंच लिहितो. दुसऱ्यांदा आली तरच बघतो.

गेल्या हिवाळ्यात तो घरातून गेला. फोन टेबलावर ठेवला होता, संगणक चालू होता. तेव्हा मी याच ठाण्यात आले होते. "बाई, मोठा माणूस आहे, रुसला असेल, येईल," असं सांगून मला पाणी देण्यात आलं. तक्रार लिहून घेतली गेली नाही.

भावाच्या खात्यावर निरोप साचत गेले. फलक बंद पडला, कधी दुरुस्त करणार, जबाबदारी कोणाची, अशा आशयाचे होते. तुम्ही बरे आहात ना, असा एकही नव्हता. खातं फार दिवस गप्प राहिलं तर काम बेवारस धरून दुसऱ्याच्या हाती देतात, असं एकाने लिहिलं होतं. म्हणून मी भावाच्या नावाने उत्तरं देऊ लागले. लोकांना न दुखावता थांबवून ठेवणं हीच माझी नोकरी आहे. "कळवल्याबद्दल धन्यवाद, आपली अडचण लक्षात आली," असं मी लिहीत असे. जुन्या स्वयंसेवकांनी दुरुस्त्या पाठवल्या, एकमेकांच्या तपासल्या, मी होकार दिला. फलक चालू राहिले.

यावर असे फलक विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी खातं चोरीला गेल्याची तक्रार दिली. ती लगेच लिहून घेण्यात आली. कधीच आभार न मानणाऱ्या प्रोग्रॅमच्या मालकाने तीन वेळा आभार मानले, हा पुरावा जोडला आहे.

साहेबांनी माझ्यासमोर वकिलांना विचारलं, "प्रोग्रॅम कोणाचा?"

"सगळ्यांचा."

"मग चोरी कोणाकडे झाली?"

"सगळ्यांकडे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं व चहा सांगितला. मला विचारला नाही.

पुढे विचारल्यावरून सांगते की, पुकारल्याबरोबर जो येत नाही त्याचा नंबर रद्द व्हावा, अशी कंपनीची मागणी होती. भावाने ती कधीच मानली नाही. चाचणीसाठी त्याने प्रोग्रॅममध्ये एक खोटी रांग ठेवली आहे. पहिली "आई", मग "ताई", शेवटी "मी", म्हणजे तो स्वतः. आई गेल्यावरही त्याने तिचं नाव काढलं नाही. तिचा नंबर पुकारला जातो, ती येत नाही, पुढचा पुकारला जातो. तिचा तसाच राहतो. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाला, "न येणाऱ्याचं काय करायचं हे तपासायला कोणीतरी न येणारं लागतंच ना, ताई." कंपनीला मी "धन्यवाद, पण नाही" असं कळवलं. तक्रार त्यानंतरची आहे.

परवा एका नव्या, निनावी खात्यावरून एका ओळीची दुरुस्ती आली. खोट्या रांगेत "मी"च्या पुढे "उशिरा येईल" असं जोडलं होतं. रीतीप्रमाणे मी ती परत पाठवली व खाली "पुन्हा वाच" लिहिलं.

उत्तर आलं, "वाचलं, ताई. एवढे आभार नको मानत जाऊस."

तो भाऊच कशावरून, असं विचारल्यावरून सांगते की, खात्यावर कोण बसलं आहे हे वकिलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना चोर वाटला होता. ताई कोणालाच वाटली नव्हती.

तो कुठे आहे, हे मी विचारलं नाही. दुरुस्ती घेतली. तपास होईपर्यंत खातं बंद करू नये, एवढी विनंती आहे. तो येईल तर तिथूनच येईल.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी त्यांना पुन्हा वाचा म्हटलं. त्यांनी पुन्हा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.